प्रशिक्षण : हजेरीपटाकडून कामाकडे

कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण ही आज बँकांपासून रुग्णालयांपर्यंत आणि औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांपासून सरकारी कार्यालयांपर्यंत सर्वत्र नित्याची बाब झाली आहे. किती जणांना किती तास प्रशिक्षण दिले, याची नोंद वार्षिक अहवालात आवर्जून केली जाते. त्यानंतर काम किती सुधारले, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. प्रशिक्षण परिणामकारक कसे करावे, या प्रश्नाचा गेल्या शतकभरात कारखान्यांत, विमान कंपन्यांत आणि मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत बराच ऊहापोह झाला आहे. त्याचे सार आणि त्यावरून आखता येणारा आराखडा यांचा हा परिचय.

युद्धकाळातील धडा

कामाच्या ठिकाणी दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाचा इतिहास सांगताना अमेरिकेतील ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी योजनेपासून सुरुवात करावी लागते. १९४० च्या उन्हाळ्यात युरोप युद्धात होरपळत होता आणि अमेरिकेतील कारखान्यांवर युद्धसामग्रीच्या मागणीचा ताण वाढत होता. कसलेले कामगार अपुरे होते. पुढे त्यांतील अनेक जण सैन्यात गेले. त्यांच्या जागी यंत्राला कधी हातही न लावलेली माणसे उभी करावयाची होती. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. चॅनिंग डूली आणि वॉल्टर डिट्झ या उद्योगक्षेत्रातून आलेल्या अधिकाऱ्यांकडे योजनेची सूत्रे होती.

त्यांच्यापुढे आलेल्या पहिल्या प्रश्नांपैकी एक होता भिंगे घासणाऱ्या कारागिरांचा. दुर्बिणी आणि तोफांच्या नेमयंत्रांसाठी भिंगे हवी होती, पण निष्णात कारागीर तयार होण्यास पाच वर्षे लागतात असा समज होता. प्रत्यक्ष पाहणी केल्यावर लक्षात आले, की या कारागिराच्या हातून होणारी सगळीच कामे सारख्या कौशल्याची नाहीत. कामाचे घटक वेगळे काढले, सोपे घटक नवख्यांकडे सोपविले आणि अवघड घटक शिकविण्याची पद्धत ठरवून घेतली. शिकण्याचा कालावधी काही महिन्यांवर आला.

यातूनच ‘जॉब इन्स्ट्रक्शन’ हा अभ्यासक्रम घडला. तो कामगारांसाठी नव्हता, तर त्यांना शिकविणाऱ्या पर्यवेक्षकांसाठी होता. दोन तासांचे एक सत्र, अशी पाच सत्रे. एकूण दहा तास. पहिल्या महायुद्धात जहाजबांधणी कामगारांना शिकविताना चार्ल्स अ‍ॅलन यांनी मांडलेली चार पायऱ्यांची रीत हा त्याचा पाया होता. शिकणाऱ्याची मानसिक तयारी करणे, काम टप्प्याटप्प्याने करून दाखविणे, त्याच्याकडून ते करवून घेणे आणि नंतर त्याच्यावर लक्ष ठेवणे, या त्या चार पायऱ्या.

पहिल्याच सत्रात एक प्रात्यक्षिक असे. विजेच्या दोन पदरी तारेला दिव्याच्या साच्यात एक विशिष्ट गाठ मारतात. तार ओढली गेली तरी जोडणी सुटू नये, हा तिचा उपयोग. प्रशिक्षक ही गाठ आधी केवळ तोंडी समजावून सांगे. शिकणाऱ्याला ती जमत नसे. मग तो न बोलता केवळ करून दाखवी. तरीही जमत नसे. अखेरीस चार पायऱ्यांनी, प्रत्येक टप्प्याची खुबी सांगत ती शिकविली, की काही मिनिटांत हाताला वळण पडे. ‘मी सांगितले होते’ आणि ‘मी दाखविले होते’ ही दोन्ही विधाने शिकविण्याचा पुरावा ठरत नाहीत, हे पर्यवेक्षकांना व्याख्यानाविना उमगे.

याच अभ्यासक्रमात पर्यवेक्षकाला कामाचा तक्ता तयार करावा लागे. त्याच्या एका बाजूला कामाचे महत्त्वाचे टप्पे आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक टप्प्यातील कळीचे मुद्दे असत. कळीचा मुद्दा कोणता? ज्यावर काम साधणे वा बिघडणे अवलंबून आहे, ज्यामुळे इजा टळते किंवा ज्यामुळे काम सोपे होते, तो. निष्णात माणसाच्या हाताला हे मुद्दे इतके सवयीचे झालेले असतात, की ते सांगावयाचे त्याला सुचतच नाही. तक्ता त्याला ते शब्दांत मांडावयास लावी. कामगार शिकला नसेल तर शिकविणाऱ्याने शिकविलेलेच नाही, हे या योजनेचे ब्रीद होते. १९४५ मध्ये ती बंद झाली तेव्हा सोळा हजारांहून अधिक कारखान्यांतील साडेसतरा लाखांच्या आसपास लोकांनी तिचे अभ्यासक्रम पूर्ण केले होते.

अमेरिकेत युद्धानंतर ही पद्धत बरीचशी विस्मृतीत गेली. युद्धोत्तर जपानने मात्र ती उचलली. टोयोटासारख्या कंपन्यांनी १९५० च्या दशकात ती आत्मसात केली आणि तिथल्या प्रमाणित कार्यपद्धतीच्या शिस्तीत ती मुरली.

गिरणगाव आणि उस्तादाची परंपरा

महाराष्ट्राला कामावर शिकण्याची रीत नवी नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत नवा माणूस गावच्या नातलगाच्या किंवा जॉबरच्या हाताखाली साचा चालवावयास शिके. मोटारदुरुस्तीच्या गॅरेजमध्ये आजही उस्तादाच्या हाताखाली पोरे तयार होतात. या परंपरेत खऱ्या यंत्रावर खरे काम शिकावयास मिळते, हे तिचे बळ. कोणाला किती आणि कधी शिकवावयाचे हे उस्तादाच्या मर्जीवर असते आणि त्याच्या हातची चूकही शिष्याच्या हाती उतरते, ही तिची मर्यादा.

या शिक्षणाला कायद्याची चौकट देण्याचा प्रयत्न म्हणजे १९६१ चा शिकाऊ उमेदवारी अधिनियम. त्याखालील नियमांत २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. संख्येचा प्रश्न नियमाने सुटू शकतो. उमेदवार वर्षभर झेरॉक्स काढण्यात व सामान उचलण्यात घालवितो की हातात कसब घेऊन बाहेर पडतो, हे मात्र आस्थापनेने शिकण्याची आखणी केली आहे की नाही, यावरच ठरते.

आधी प्रश्न, मग अभ्यासक्रम

आखणीची पहिली पायरी म्हणजे प्रशिक्षणाची खरोखर गरज आहे का, हे तपासणे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० मध्ये यासाठी एक रोखठोक कसोटी मांडली. कर्मचाऱ्याच्या जिवावर बेतले, तर त्याला हे काम करता येईल का? येत असेल, तर त्याच्याजवळ कौशल्य आहे. अडचण अन्यत्र आहे. अशा वेळी प्रशिक्षण देणे म्हणजे डोके दुखत असताना पायाला पट्टी बांधण्यासारखे आहे.

समजा, एका सहकारी बँकेच्या शाखांतून मुख्य कार्यालयाकडे जाणारे खाते उघडण्याचे अर्ज वारंवार त्रुटींसह परत येत आहेत. व्यवस्थापनाची स्वाभाविक प्रतिक्रिया असते : सर्वांचे एक दिवसाचे शिबिर घ्या. त्याऐवजी परत आलेले शंभर अर्ज समोर ठेवून पाहिले तर वेगळेच चित्र दिसू शकते. काही त्रुटी अर्जाचा नमुनाच संदिग्ध असल्याने होतात. तिथे नमुना बदलावा लागेल. काही शाखांत दोन खिडक्यांचे काम एकाच लिपिकाकडे असल्याने होतात. तिथे माणूस द्यावा लागेल. काही त्रुटी पत्त्याचा कोणता पुरावा ग्राह्य धरावयाचा हे माहीत नसल्याने होतात. प्रशिक्षणाचा विषय एवढाच. शिबिर एका दिवसावरून दोन तासांवर येते आणि उरलेला खर्च वाचतो.

दुसरी पायरी उद्दिष्टाची. ‘कर्मचाऱ्यांना केवायसीची माहिती व्हावी’ हे उद्दिष्ट तपासता येत नाही. मेगर यांनी १९६२ मध्येच सांगितल्याप्रमाणे उद्दिष्टात तीन गोष्टी हव्यात : कर्मचारी काय करून दाखवील, कोणत्या परिस्थितीत आणि किती अचूकपणे. ‘ग्राहक समोर बसलेला असताना, तपासणी यादीच्या साह्याने, लिपिक दहापैकी दहा अर्जांतील कागदपत्रांची ग्राह्यता अचूक ठरवील’ असे लिहिले, की काय शिकवावयाचे, कसा सराव द्यावयाचा आणि काय मोजावयाचे हे तिन्ही प्रश्न एकदमच सुटतात. अभ्यासक्रमातील जो भाग या वाक्याला उपयोगी नाही तो गाळावा. नियमांचा इतिहास, परिपत्रकांचे क्रमांक आणि प्रास्ताविकाची भाषणे बहुधा इथेच गळून पडतात.

विसरण्याचे गणित

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरसमूह पाठ करून ते किती टिकतात, हे त्यांनी मोजले. विस्मरण पहिल्या काही तासांत सर्वाधिक वेगाने होते आणि नंतर त्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही वक्र बराचसा तसाच आला. मात्र हे आकडे अर्थहीन अक्षरांचे आहेत. अर्थपूर्ण आणि रोज वापरले जाणारे ज्ञान याहून अधिक टिकते. ‘आठवड्यात इतके टक्के विसरले जाते’ असे छापील आकडे कोणत्याही प्रशिक्षणाला सरसकट लावणे म्हणूनच योग्य नाही.

विस्मरणावर उपाय दोन. एकदाच दीर्घकाळ शिकविण्यापेक्षा थोडे-थोडे, अंतर राखून शिकविणे हा पहिला. सलग आठ तासांच्या शिबिरापेक्षा आठवड्याला दोन तासांची चार सत्रे अधिक लाभदायक ठरतात. दुसरा उपाय म्हणजे पुन्हा वाचून दाखविण्याऐवजी आठवावयास लावणे. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचावयास दिला, तर दुसऱ्या गटाला तो न पाहता आठवून लिहावयास सांगितला. पाच मिनिटांनी पाहिले तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. शिबिराच्या शेवटी घेतलेल्या चाचणीतील गुण का फसवे असतात, याचे उत्तर इथे मिळते. त्या गुणांत नुकतेच कानावर पडलेले दिसते, टिकणारे दिसत नाही.

इथेच दोन लोकप्रिय समजुतींची दखल घ्यावयास हवी. माणूस वाचलेले दहा टक्के आणि केलेले नव्वद टक्के लक्षात ठेवतो, असा एक त्रिकोण प्रशिक्षकांच्या स्लाइडवर हमखास असतो आणि तो एडगर डेल यांच्या नावे खपविला जातो. डेल यांच्या १९४६ च्या ग्रंथातील मूळ आकृतीत टक्केवारी नाही. ती पुढे कोणीतरी चिकटविली. दुसरी समजूत म्हणजे प्रत्येकाची शिकण्याची ‘शैली’ वेगळी, कोणी डोळ्यांनी शिकतो तर कोणी कानांनी. २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. शैलीनुसार वेगळे शिकविल्याने अधिक लाभ होतो, याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. शिकविण्याचे माध्यम कामाच्या स्वरूपावरून ठरवावे. वेल्डिंग शिकणाऱ्याला, त्याची शैली कोणतीही असो, टॉर्च हातात घ्यावीच लागते.

सराव खऱ्या परिस्थितीचा

सराव प्रत्यक्ष कामासारखा नसेल तर त्याची किंमत किती मोठी असू शकते, हे विमानवाहतुकीने दाखविले आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन जम्बो जेट विमानांची टक्कर होऊन ५८३ जण मृत्युमुखी पडले. परवानगी मिळण्यापूर्वीच उड्डाण सुरू करणारा कप्तान अत्यंत अनुभवी होता. दुसरे विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना, ही फ्लाइट इंजिनिअरने व्यक्त केलेली शंका त्याने झटकून टाकली. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान इंधन संपून कोसळले आणि दहा जण दगावले. चाकांच्या बिघाडात गुंतलेल्या कप्तानापर्यंत सहकाऱ्यांची इंधनाविषयीची काळजी पुरेशा ठामपणे पोहोचली नव्हती.

विमान चालविण्याचे तांत्रिक प्रशिक्षण या सर्वांना होते. वरिष्ठाला वेळीच टोकणे आणि कनिष्ठाचे ऐकून घेणे, हे मात्र त्यांना कोणी शिकविले नव्हते. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ पासून युनायटेड एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांसाठी नवे प्रशिक्षण सुरू केले. ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ या नावाने ते आज भारतासह जगभर वैमानिकांना सक्तीचे आहे. त्यात व्याख्यान असतेच. पण खरी शिकवण सिम्युलेटरमध्ये होते. कप्तान व सहवैमानिक एकत्र बसून नेहमीसारखे संपूर्ण उड्डाण करतात, मध्येच बिघाड येतो आणि उतरल्यावर आपण काय बोललो, काय बोललो नाही, याची चर्चा होते.

याची दुसरी बाजू उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलफलाटावर दिसली. ६ जुलै १९८८ रोजी तिथे झालेल्या स्फोटांत आणि आगीत १६७ जणांचा बळी गेला. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये अनेक दोषांवर बोट ठेवले. त्यांत आपत्कालीन प्रशिक्षणाची ढिलाईही होती. नव्याने येणाऱ्यांना दिली जाणारी सुरक्षिततेची माहिती उरकली जाई आणि कवायती ठरल्याप्रमाणे होत नसत. त्या रात्री अनेक जण हेलिकॉप्टरची वाट पाहत निवासकक्षातच थांबले आणि तिथेच गुदमरले.

शिबिरातून परतल्यावर

उत्तम शिकलेला कर्मचारीही जागेवर परतल्यावर जुन्याच पद्धतीने काम करू लागतो, हा प्रशिक्षणातील सर्वांत मोठा गळतीचा मार्ग. टिमोथी बाल्डविन आणि केव्हिन फोर्ड यांनी १९८८ मध्ये या प्रश्नावरील संशोधनाची मांडणी करताना तीन घटक सांगितले : शिकणारी व्यक्ती, प्रशिक्षणाची रचना आणि कामाच्या ठिकाणचे वातावरण. पहिल्या दोहोंवर सर्वांचे लक्ष असते. तिसरा दुर्लक्षित राहतो. ‘ते शिबिरातले शिबिरात ठेवा, इथे आमच्या पद्धतीने चालते’ हे साहेबांचे एक वाक्य दोन दिवसांचे प्रशिक्षण पुसून टाकण्यास पुरेसे असते.

म्हणूनच पर्यवेक्षकाला आखणीत प्रारंभापासून गोवावे लागते. कर्मचारी जाण्यापूर्वी त्याने काय शिकून यावयाचे याची पाच मिनिटे चर्चा, परतल्यावर आठवड्याभरात ते कौशल्य लागेल असे काम आणि महिन्याने त्याच्याशेजारी बसून पाहणी, एवढे केले तरी पुष्कळ साधते. वरील बँकेच्या उदाहरणात तपासणी यादी खिडकीवर चिकटविणे हादेखील प्रशिक्षणाचाच भाग होय. जे पाठ करण्याची गरज नाही ते नजरेसमोर असावे.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. राज्यातील अनेक कारखान्यांत कंत्राटी कामगार उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून येतात. सुरक्षिततेची स्लाइड इंग्रजीत, प्रशिक्षक बोलतो मराठीत आणि ऐकणाऱ्याची मातृभाषा तिसरीच, अशी अवस्था असेल तर हजेरीपटावरील अंगठा किंवा सही हा समजल्याचा पुरावा मानता येणार नाही. ‘समजले का?’ या प्रश्नाला सगळे मान डोलावतात. ‘आता करून दाखव’ असे म्हटल्यावर खरे उत्तर मिळते.

मोजावे कसे?

विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून लिहिलेल्या लेखमालेत मूल्यमापनाच्या चार पातळ्या मांडल्या. आजही त्याच सर्वाधिक वापरात आहेत. प्रशिक्षणार्थींना कार्यक्रम कसा वाटला, ही पहिली. ते काय शिकले, ही दुसरी. कामावर त्यांचे वागणे बदलले का, ही तिसरी आणि आस्थापनेला काय फळ मिळाले, ही चौथी. बहुतेक ठिकाणी मोजणी पहिल्याच पातळीवर थांबते. अभिप्रायाच्या अर्जात प्रशिक्षकाची विनोदबुद्धी आणि जेवणाची प्रत यांना मिळालेले गुण वाचून व्यवस्थापन समाधान मानते. ऑनलाइन अभ्यासक्रमांनी यात ‘पूर्ण केलेल्यांची टक्केवारी’ या आणखी एका आकड्याची भर घातली आहे. चित्रफीत शेवटपर्यंत चालली, एवढेच त्यावरून कळते.

चौथ्या पातळीवरील मोजमाप वाटते तितके अवघड नाही. बँकेने प्रशिक्षण सर्व शाखांना एकाच आठवड्यात न देता आधी निम्म्या शाखांना दिले आणि दोन महिने दोन्ही गटांतील परत येणाऱ्या अर्जांची संख्या नोंदविली, तर फरक प्रशिक्षणामुळे पडला की अन्य कारणाने, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. फरक पडला नाही, तर उरलेल्या शाखांचा खर्च वाचतो, आणि हीदेखील मोलाची माहिती आहे.

कायद्याने सक्तीच्या केलेल्या प्रशिक्षणालाही हीच कसोटी लागू पडते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने ठरावीक काळाने कार्यशाळा घेण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. कार्यशाळा झाली, छायाचित्रे काढली, अहवाल गेला, एवढ्याने कायद्याचे कलम पाळले जाते. तक्रार कोणाकडे करावयाची आणि समितीच्या सदस्या कोण आहेत, हे रात्रपाळीच्या कंत्राटी स्त्री कर्मचाऱ्यालाही सांगता येते का, हे विचारल्यावरच त्या कलमाचा हेतू साधला की नाही ते समजते.

आखणीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

• नेमके कोणते काम आज नीट होत नाही? त्याचा पुरावा काय?
• ते कौशल्याअभावी होत नाही, की साधने, मनुष्यबळ वा नियमांच्या गोंधळामुळे?
• प्रशिक्षणानंतर कर्मचारी काय करून दाखवील, कोणत्या परिस्थितीत आणि किती अचूकपणे?
• कामाचे टप्पे आणि कळीचे मुद्दे निष्णात कर्मचाऱ्याकडून लिहून घेतले आहेत का?
• एकूण वेळापैकी निम्मा तरी वेळ प्रत्यक्ष सरावाला आहे का? उजळणी केव्हा होणार?
• सर्व जण समजू शकतील अशा भाषेत शिकविले जाणार आहे का?
• परतल्यावर पर्यवेक्षक काय करणार, हे त्याला सांगितले आहे का?
• तीन महिन्यांनी कोणता आकडा पाहावयाचा, हे आजच ठरले आहे का?

यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर सभागृहाचे आरक्षण करण्याची घाई करू नये. आधी परत आलेल्या अर्जांचा गठ्ठा सोडावा, यंत्रापाशी तासभर उभे राहून काम पाहावे आणि जे काम करतात त्यांना अडचण विचारावी. प्रशिक्षणाचा आराखडा तिथूनच सुरू होतो.